डावीकडे ओढणारी गाडी

गोरखने पहार चाकाच्या आतल्या सांध्यात घातली आणि अंगचा भार टाकून दाबली. जॅकवर उचललेलं पुढचं चाक बोटभर मागे गेलं आणि सोडल्यावर कुईं करत पुढे आलं. चाकाने असं हलायचं नसतं, एवढं तमारलाही कळलं.

"बगा काका. बुश पार खलास. रबरच नाय उरला, लोखंड लोखंडावर आपटतो."

जुडाह गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. सांधा नजरेत यायला त्याला मान जरा जास्तच वळवावी लागली. पण दिसल्यावर त्याचा चेहरा असा खुलला, जणू कोर्टातला जुना दावाच जिंकला.

"वर्षभर सांगतोय, गाडी डावीकडे ओढते. कुणाला पटेल तर शपथ."

कुणाला म्हणजे तमारला, त्याच्या बायकोला. ती गॅरेजच्या बाकड्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

बुश म्हणजे रबराचं एक जाड वेटोळं. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या सांध्यात ते बसतं आणि रस्त्याचे दणके स्वतः खातं. गोरखने त्या रबराचा एक तुकडा नखाने उकरला, चिमटीत चुरगळला आणि नाकाशी नेला. मग त्याने जुडाहकडे बघितलं.

"यात खोबरेल कोनी टाकलाय?"

"मी," जुडाह म्हणाला. "कुरकुर करायचं. दर रविवारी पिचकारीने दोन थेंब सोडायचो."

"काका, रबराला तेल म्हंजे विष. फुगतो, मऊ पडतो, मंग फाटतो. तेल पन गेला आनि रबर पन गेला."

"अरे, आम्ही जन्माचे शनिवार तेली. कुरकुरलं की तेल. दुसरं औषध आम्हाला ठाऊकच नाही."

गोरख हसला. पनवेलला वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कोकणातले बेने इस्राएल कधी काळी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे. तेव्हापासून गावाने त्यांना हे नाव दिलं. घाणा जाऊन पिढ्या लोटल्या, पण वाक्रुळकरांच्या घरात तेलाची खोड काही गेली नव्हती. दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, पंख्याची दांडी, सगळीकडे जुडाहची पिचकारी फिरायची. एकदा तर त्याने बाथरूमच्या नळाला तेल घातलं होतं आणि घरातले सगळे दोन दिवस तेलकट पाण्याने तोंड धूत होते.

या हसण्यात तमारला सामील होता आलं नाही. तिचं लक्ष सांध्याकडे नव्हतंच. ती टायर बघत होती. डाव्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला रबर सोलवटलं होतं, आणि आतल्या लोखंडी कडेवर चंदेरी ओरखडे होते, काही जुने, काही अगदी ताजे. ते फूटपाथला घासून पडले होते. बुश गेल्याने गाडी ओढत असेलही, पण इतकी नाही.

तिने मान वर केली, तेव्हा गोरखही तिथेच बघत होता. दोघांची नजरानजर झाली. गोरखने पहार भिंतीला टेकवली आणि फडक्याला हात पुसले.

जुडाहच्या डोळ्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी मागच्या वर्षी मोठ्या यंत्रात त्याचं डोकं टेकवून तपासलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं, की मधली नजर चांगली आहे पण कडेची गेली आहे, ती परत येणार नाही, आणि गाडी चालवणं आता बंद करा. बाहेर आल्यावर जुडाह तमारला म्हणाला, "मधलं उत्तम आहे म्हणाले." तमार त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती, हे तो विसरला असेल असं नाही. डोळ्यांत थेंब मात्र तो घड्याळ लावून घालायचा. तेही एक प्रकारचं तेलच.

तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. फाटकाच्या खांबाला घासली, तर गाडीने ओढलं. भाजीवाल्याच्या हातगाडीला धक्का लागला, तर "हा आलाच कुठून?" घरात टेबलाच्या कडेला ठेवलेला चहाचा कप कोपराने खाली गेला, तर कप ठेवणारीची चूक. मला दिसलं नाही, एवढी तीन अक्षरं... नव्हे, तीन शब्द त्याच्या तोंडून वर्षभरात एकदाही निघाले नव्हते. आणि गंमत अशी, की गाडी ओढते म्हणून एवढा आरडाओरडा करणारा माणूस ती गॅरेजला न्यायचं नाव काढत नव्हता. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? गाडी दुरुस्त झाली, की पुढच्या ओरखड्याचा दोष कुणावर टाकायचा?

म्हणून मंगळवारी दुपारी त्याने आपण होऊन गोरखला फोन लावला, तेव्हा तमार दचकलीच. त्या दिवशी सकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. पेपर आणायला म्हणून गेला आणि पेपर न घेताच परत आला. विचारलं तर म्हणाला, संपले होते. पनवेलात सकाळी साडेसातला पेपर संपतात, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

फोनचं कारण मात्र तिला लगेच उमगलं. रविवार जवळ आला होता.

मोरानचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं बाळ तिकडे इस्राएलमधल्या अश्दोदला दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलेला तो मुठीएवढा जीव फोनवर बघून जुडाह एलियाहू हन्नबी या प्रेषिताला नवस बोलला होता: पोर जगलं-वाचलं, की याच गाडीत बसवून त्याला खंडाळ्याला आणीन. घाटातल्या नव्हे, अलिबागजवळच्या. तिथे कातळावर हन्नबीच्या रथाच्या चाकांची खूण आहे. बेने इस्राएलांचे नवस तिथेच फिटतात. पोर जगलं. नुसतं जगलं नाही, चांगलं बाळसेदार झालं. शनिवारी रात्री मोरान त्याला घेऊन येणार होती, आणि रविवारी सकाळी खंडाळ्याला मलिदा, म्हणजे नवसाचा प्रसाद, ठरला होता. पोहे, गूळ, वेलची, सगळं घरात येऊन पडलं होतं. नारळ तेवढा शनिवार सरल्यावर खवायचा होता.

भाड्याची गाडी करू या, असं तमार दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा उत्तर तेच: "नवस या गाडीचा आहे." मोरानला इकडच्या रस्त्यावर चालवणं जमायचं नाही, जावई येणार नव्हता. म्हणजे पेण, वडखळ, पुढचा तो कंटेनर आणि बसगाड्यांचा रस्ता, आणि चाकामागे कडेचं न दिसणारा माणूस, आणि मागच्या सीटवर ते पोर. तमारची झोप उडाली होती. तिला नवऱ्याचा राग यायचा, आणि राग ओसरला की त्याची इतकी कीव यायची, की पुन्हा राग आलेला बरा असं वाटायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एक उपाय होता आणि तो तिने गुपचूप सुरू केला होता. गेला महिनाभर वडाळे तलावाला फिरायला जाते असं सांगून ती पहाटे घराबाहेर पडायची आणि नवीन पनवेलच्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसायची. तशी ती पूर्वी चालवायची. लायसनही होतं, आणि शाळेतल्या नोकरीची शिस्त म्हणून तिने ते दर वेळी वेळेवर नवं करून घेतलं होतं. पण चाकाला हात लावून वीस-बावीस वर्षं झाली होती. गाडी नवी होती तेव्हा जुडाहनेच तिला शिकवलं होतं. एकदा गाढी नदीच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, मागे भोंग्यांचा कल्ला झाला, आणि डावीकडे बसलेला जुडाह मोरानच्या देखत म्हणाला होता, "उतर. तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

ती उतरली होती. तेव्हापासून ड्रायव्हरची सीट त्याच्या लांब तंगड्यांच्या मापाने मागे सरकवलेली होती, ती तिथेच गंजून घट्ट बसली होती.

आता तिला गाडी येत होती. स्कूलचा मास्तर म्हणाला होता, "आँटी, तुम्ही माझ्यापेक्षा सेफ चालवता." फक्त एकच गोष्ट येत नव्हती. जुडाहला ते सांगणं.

"बुश मी आणतो," जुडाह म्हणाला. "ओरिजनल. तू भलतंसलतं बसवशील."

"आना. पन साबन पन आना एक. साबनाच्या पान्यानी बसवनार हाय, तेलानी नाय."

"समजलं रे. आणि हे बघ, ते झालं की स्टीअरिंग हलकं होईल का?"

"थोडा होईल. हवा नीट भरली तं अजून. का, हात दुखतात काय?"

"दुखतात," जुडाह म्हणाला. मग तो गोरखच्या जवळ गेला आणि गाडीत बोट दाखवून हळू आवाजात आणखी काही बोलला. गोरखने मान हलवली. तमारला एवढंच ऐकू आलं, "माझा गुडघा आखडतो रे."

तो रस्त्याच्या कडेकडेने स्पेअर पार्टच्या दुकानाकडे निघाला. रस्ता ओलांडताना त्याने आधी पूर्ण उजवीकडे मान फिरवली, मग पूर्ण डावीकडे, कोंबडी फिरवते तशी. आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस. आज सकाळी गॅरेजला येतानाही त्याने सरळचा रस्ता सोडून गाडी स्टेशनच्या अंगाने घातली होती, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाहुण्याला गाव दाखवल्यासारखी. तमार शेजारी दाराची मूठ धरून बसली होती. "रिक्षा!" असं ती ओरडली तेव्हा कुठे त्याला डावीकडची रिक्षा दिसली होती. हा फेरा कशाला, हे तिने विचारलंच नाही. इतका तिला राग आला होता.

तो दुकानात शिरला, तशी ती उठली.

"गोरख, सोमवारपर्यंत गाडी होणार नाही असं सांग त्यांना."

गोरख चाकाचे नट एका डब्यात टाकत होता. तो थांबला. "का बाई?"

पाचवीला तो तिच्या वर्गात होता. आता त्याचेच केस पांढरे झाले होते, पण हाक तीच राहिली होती.

"तू टायर बघितलास."

"बघितला." तो थोडा वेळ डबा हलवत राहिला. "बुशनी टायर असा सोलत नाय. ते मला कलतंय."

"मग सांग ना. पार्ट मिळाला नाही म्हण, वाकडं बसलंय म्हण. गाडीच नाही म्हटल्यावर भाड्याची करावी लागेल. हन्नबी समजून घेईल. तुला काही कमी पडू देणार नाही तो."

सुंठीवाचून खोकला जावा, एवढीच तिची मागणी होती.

"बाई, पाड्याच्या परीक्षेला मी बाजूच्याच्या वहीत बघितला, तवा तुमी मला बाकावर उभा केला व्हता. सगला वर्ग बघत व्हता."

"मी मस्करी करत नाही, गोरख."

"मी पन नाय करत." त्याने डबा खाली ठेवला. त्याचा आवाज मऊ होता. "मी खोटा बोलीन. तुमच्यासाठी बोलीन. पन सोमवारी गाडी द्यावीच लागनार. मंग? मोरानताई चार आठवडे हाय. रोज कुटंतरी जानार तुमी. दर वेलेला मी काय मोडून ठेवू?"

तमारने दुकानाच्या दिशेने बघितलं.

"काकांना सांगनारा मानूस तुमी हाव. मी मिस्त्री."

जुडाह परत आला तेव्हा त्याच्या एका हातात बुशचं खोकं होतं आणि दुसऱ्या हातात कपडे धुण्याचा निळा साबण. तमार पुन्हा बाकड्यावर जाऊन बसली होती. तिला रडू येत होतं, पण गॅरेजमध्ये रडायला जागा नसते. तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"उद्या दुपारपर्यंत होईल," गोरख म्हणाला. "तुमचा शब्बाथ लागायच्या आधी."

त्या रात्री जेवताना तिने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा मीठ मागितलं. दुसऱ्यांदा बाळासाठी सुती चादर काढली आहे हे सांगितलं. तिसऱ्यांदा जुडाहच म्हणाला, "काय गं?" आणि ती म्हणाली, "काही नाही. उद्या मीही येते गॅरेजला."

"येच," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दोघं चालत गेले. गाडी खड्ड्यावर उभी होती. म्हणजे जमिनीत खणलेल्या त्या लांबट चरावर, ज्यात उतरून मिस्त्री गाडीच्या पोटाखाली उभा राहतो. चारही चाकं लागली होती. जुने बुश बाजूला एका तगारीत पडले होते, फुगलेले, चिकट. उन्हाने तापलेल्या त्या रबराला अजून खोबरेलाचा वास येत होता. तमारला तो वास ओळखीचा वाटला. जुडाहच्या केसांना हाच वास यायचा.

"झालं?" जुडाहने विचारलं.

"झाला. निस्ते बोल्ट आवलायचे बाकी हायत."

"मग आवळायचे ना."

"असे नाय आवलायचे, काका." गोरखने एक नवा बुश हातात घेतला आणि त्याच्या मधल्या नळीत बोट घालून पिळून दाखवला. "गाडी वर टांगलेली असताना बोल्ट आवलला, की खाली टेकल्यावर रबराला पीळ बसतो. उभ्या गाडीत पन पीळ. मंग सहा महिन्यांत फाटतो. म्हनून गाडी खाली घ्यायची, तिच्यावर रोजचा वजन टाकायचा, आनि मंग आवलायचा. जासईला ट्रेलरच्या यार्डात व्हतो ना, तवाची सवय हाय. दुसऱ्यांच्या गाडीत मी गोन्या टाकतो. घरच्या मानसांना सांगतो, बसा."

"बरोबर आहे," जुडाह म्हणाला. यंत्रातली शहाणी गोष्ट ऐकली, की तो कुणाचीही तारीफ करायचा. "बरोबर आहे. भार आला की मगच जागा पक्की करायची."

"रविवारी खंडाल्याला जानार ना? रविवारी जशे बसनार, तशे बसा. मोरानताईची म्हनून मागं रेतीची गोनी टाकलीय. बालाचा वजन काय धरू?"

"सव्वाआठ किलो," जुडाह म्हणाला. क्षणाचाही विचार न करता. दर आठवड्याला मोरानकडून तो आकडा विचारून घेणारा माणूस.

गोरखने हत्यारांची पेटी उचलून अंदाज घेतला, त्यातले दोन मोठे पाने बाहेर काढले आणि ती पेटी मागच्या सीटवर, गोणीला टेकवून, हळूच ठेवली. मग तो खड्ड्यात उतरला. गाडीखालून त्याचा आवाज आला.

"बसा आता."

आत्ता. आत्ताच सांगायचं. बोल्ट एकदा आवळले, की रविवार पक्का झाला. ती डावीकडच्या दाराशी गेली, रोजच्यासारखी, आणि दार न उघडता तिथेच उभी राहिली. जुडाह पलीकडे ड्रायव्हरच्या दाराशी होता. टपावरून तिला त्याचं डोकं आणि खांदे दिसत होते.

"अहो," ती म्हणाली. "मला काहीतरी बोलायचंय."

जुडाहने दार उघडलं. पण तो आत बसला नाही. दार धरून, जरा बाजूला होऊन, तसाच उभा राहिला.

"ये," तो म्हणाला.

तिला कळलं नाही.

"ये ना. तो खाली वाकून उभा आहे. पाठ मोडेल त्याची."

मग तो निघाला. बोनेटच्या बाजूने न येता मागच्या बाजूने, डिकीवर पंजा टेकवत, गाडीची कड चाचपत तो वळसा घालून तिच्यापाशी आला. तिच्या हातात त्याने किल्ली ठेवली, तिला खांद्याने हलकेच बाजूला सारलं आणि डावीकडचं दार उघडून आत बसला. पट्टा शोधायला त्याला वेळ लागला. सापडल्यावर त्याने तो ओढून लावला आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला.

तमार गाडीच्या दुसऱ्या बाजूला कशी गेली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती चाकामागे बसली, तेव्हा तिचे पाय पेडलपासून लांब होते. ते तसे असणार हे तिला ठाऊकच होतं. सवयीने, काही होणार नाही हे माहीत असूनही, तिने सीटखालची दांडी ओढली.

सीट लोण्यासारखी पुढे आली.

तिने खाली वाकून बघितलं. सीटच्या दोन्ही रुळांवर ताजं, पिवळं ग्रीस होतं. गंज खरवडून काढलेला होता. गुडघा आखडलेल्या माणसाला सीट मागे हवी असते. पुढे सरकवायला कुणी ग्रीस लावून घेत नाही. तमारला एकदम भरून आलं. डोळ्यांतलं पाणी जुडाहला दिसायची भीती नव्हती, ती त्याच्या कडेलाच बसली होती. तरी तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पदराने डोळे टिपले.

"बसले काय?" खालून गोरखने विचारलं.

"बसलो," जुडाह म्हणाला. "आवळ."

पाना बोल्टला बसल्याचा आवाज झाला. गाडी किंचित थरथरली. खाली गोरखचा श्वास ऐकू येत होता, जोर लावताना रोखलेला, मग सुटलेला. तमारने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"आरसा तुझ्या उंचीला लाव," जुडाह म्हणाला.

तिने लावला. आरशात गोणी दिसली आणि तिला टेकलेली पेटी.

"पेणच्या पुढे रस्ता अरुंद आहे. घाई करायची नाही. मागचा भोंगा वाजवेना का. वाजवू दे. गाडी बंद पडली तर पडू दे, पुन्हा सुरू करायची."

"हो."

"मी काही बोलणार नाही."

"बोलाल," तमार म्हणाली.

तो हसला नाही, पण त्याच्या ओठांचा कोपरा हलला. एक बोल्ट झाला. गोरख खाली सरकून दुसऱ्या बाजूला गेला. त्याची चप्पल खड्ड्याच्या सिमेंटवर फरफटली.

"मंगळवारी सकाळी," जुडाह समोर बघतच म्हणाला, "उरण नाक्याला तुझी ती स्कूलची गाडी माझ्या समोरून वळली. पेपरवाल्यापाशी उभा होतो मी. अगदी समोर होतीस, म्हणून सगळं दिसलं. चांगलं वळवलंस. पाठ ताठ, हात बरोबर. पण इंडिकेटर दिला नव्हतास."

मंगळवार. न आणलेला पेपर. दुपारचा तो फोन. कालचा स्टेशनकडून मारलेला फेरा, ज्याबद्दल ती रात्रभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडली होती. तो फेरा कशाला होता, ते आता विचारायची गरज नव्हती; चाकामागचा तो त्याचा शेवटचा फेरा होता. तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण आयुष्यभर सिग्नल सांभाळलेल्या माणसाने काढलेली चूक होती, आणि ती चूक तिने केलेली नव्हती.

"दिला होता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मी दिला होता. मास्तरांनी सांगायच्या आधी दिला होता."

जुडाहने मान वळवली. पूर्ण वळवली, ती नजरेत येईपर्यंत. तिच्या चेहऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग पुन्हा समोर, गॅरेजच्या दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे.

"मग मला दिसला नसेल," तो म्हणाला.

खाली गोरखने दुसरा बोल्ट आवळायला घेतला.